स्वतःची कादंबरी स्वतः काढताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

स्वतःच्या खर्चानं कादंबरी काढणाऱ्या, किंवा काढायच्या तयारीत असलेल्या लेखकांच्या पत्रांतून निवडलेले नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. वरून ते वेगवेगळे दिसतात, पण अडचण बहुतेकांची एकाच जागी आहे. छापखान्यात जाण्याआधी जे मोजून, ठरवून, कागदावर लिहून घ्यायला हवं होतं, ते पुस्तक हातात आल्यावर विचारलं जातंय. म्हणून उत्तरांत आकडे जरा जास्त आहेत.

माझी कादंबरी साठ हजार शब्दांची आहे. छापखानेवाले म्हणतात, हजार प्रती काढा, प्रत स्वस्त पडेल. किती काढू? आणि किंमत किती ठेवू?
— एक वाचक, कराड

पहिलीच कादंबरी असेल तर पाचशेच्या वर जाऊ नका.

आधी पानं मोजा. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, बारा पॉइंटाच्या आसपास अक्षर ठेवलं तर पानाला अडीचशे ते दोनशे सत्तर शब्द बसतात. साठ हजार शब्दांची, सुरुवातीची शीर्षकपानं धरून, साधारण २४० पानं होतील. डेमी कागदाच्या एका तावातून १६ पानं निघतात, तो एक फॉर्म. २४० पानं म्हणजे १५ फॉर्म. एका रिमात ५०० ताव असतात, म्हणून ५०० प्रतींना जितके फॉर्म तितकी रिमं कागद लागतो. तुमच्या पुस्तकाला १५ रिमं, वर छपाईत वाया जाणारा तीन ते पाच टक्के. एवढं तोंडपाठ ठेवलंत तर कोटेशनमधला कागदाचा आकडा तुमचा तुम्हाला तपासता येईल.

पानं २४३ भरली तर ती तीन पानं महागात पडतात, कारण त्यांच्यासाठी अर्धा फॉर्म वाढतो आणि मागं पाच कोरी पानं राहतात. अशा वेळी प्रकरणाच्या शेवटी एकदोन ओळींसाठी नवं पान लागलं असेल तर मांडणी करणाऱ्याला त्या ओळी मागं ओढून घ्यायला सांगा. तीन-चार प्रकरणांत असं केलं की पानं २४० वर येतात.

आता पैसे. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमची कोटेशनं आली की त्यांच्या जागी खरे घाला. समजा ५०० प्रतींना प्रतीमागे ८० रुपये छपाई-बांधणी, म्हणजे ४०,०००. संपादन आणि मुद्रितशोधन १५,०००. मुखपृष्ठ ८,०००. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला ३० रुपयांनी ७,२००. एकूण ७०,२००. छपाईखर्चाच्या चौपट किंमत हा जुना ठोकताळा अजून उपयोगी पडतो, त्यानं किंमत ३२० येते. वितरकाला ४५ टक्के सूट दिली तर तुमच्या हाती प्रतीमागे १७६ रुपये येतात. वाचकाला थेट २० टक्के सवलतीत विकलंत, टपालखर्च त्याच्याकडून घेतलात आणि वेष्टनाला १० रुपये धरलेत तर २४६. सगळा माल वितरकाकडून गेला तर खर्च निघायला ३९९ प्रती खपाव्या लागतात, सगळा थेट गेला तर २८६. प्रत्यक्षात दोन्ही वाटा चालतात. दीडशे प्रती थेट विकल्या गेल्या तर उरलेल्या खर्चासाठी वितरकाकडून १९० खपायला हव्यात. शिवाय तीस-चाळीस प्रती परीक्षणं, पुरस्कार, ग्रंथालयं आणि घरची माणसं यांत जातात, त्या आधीच वजा धरा.

हजार प्रतींत प्रत स्वस्त पडते हे खरं आहे. प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, दुसऱ्या पाचशेंना फक्त कागद, छपाईची फेरी आणि बांधणी लागते. पण त्या स्वस्त प्रती घरात राहतात. २४० पानांची एक प्रत साधारण पावणेतीनशे ग्रॅमची. पाचशे प्रती म्हणजे १३७ किलोंच्या वर वजन, आणि एकावर एक रचल्या तर साडेसहा मीटर उंची. पलंगाखाली पावसाळाभर ठेवलेल्या गठ्ठ्यांना ओल धरते, कसर लागते. तयार पीडीएफ तुमच्याकडे असेल तर दुसरी आवृत्ती तीन आठवड्यांत निघू शकते. दोनशेपेक्षा कमी प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटांवरच्या छपाईच्या, वाटेला न जाता डिजिटल छपाईचंच कोटेशन मागवा.

कराबद्दल एवढंच, की छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे. पण त्यामुळेच छापखान्याच्या बिलावर तुम्ही भरलेला जीएसटी परत मिळत नाही. कोटेशन करासह आहे की कराशिवाय, हे पहिल्या दिवशी विचारा.

पुस्तकाच्या कण्यावरचं नाव मधोमध न येता अर्धं मलपृष्ठावर गेलं. मुखपृष्ठ करणारे म्हणतात चूक छापखान्याची, छापखाना म्हणतो त्यांची. चूक कोणाची?
— एक वाचक, लातूर

बहुतेक वेळा दोघांचीही नसते. कण्याची जाडी कोणी मोजलेलीच नसते.

जाडी कागदावर ठरते. कागदाचं माप जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ७० जीएसएमचा फुगीर नॅचरल शेड कागद साधारण ०.१०५ मिलिमीटर जाडीचा असतो. २४० पानं म्हणजे १२० पत्रं, म्हणजे १२.६ मिलिमीटर. त्यात ३०० जीएसएम कार्डाच्या मुखपृष्ठाची दोन्ही बाजूंची जाडी मिळवली की कणा १३.३ च्या आसपास येतो. कागदाची गिरणी बदलली, किंवा ऐनवेळी नॅचरल शेडच्या जागी गुळगुळीत मॅपलिथो आला, तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तेरा मिलिमीटरच्या कण्यावर दोन मिलिमीटर म्हणजे अक्षरं कडेवरून खाली उतरणारच.

उपाय स्वस्त आहे. छपाईच्या आधी, ठरलेल्याच कागदाची कोरी डमी बांधून मागा आणि कणा मोजून आकडा मुखपृष्ठकाराला लेखी पाठवा. त्याच डमीत कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशाही पाहा. धागा कण्याला समांतर हवा. आडवा असला तर पुस्तक उघडं राहत नाही, हात काढला की मिटतं. तीनशे पानांच्या वरचं पुस्तक असेल तर नुसत्या गोंदाच्या बांधणीवर समाधान मानू नका, फॉर्मला दोऱ्याची शिलाई मागा. थोडा खर्च वाढतो, पण ग्रंथालयात दहा वाचकांच्या हातून गेल्यावर पानं हातात येत नाहीत.

कादंबरी श्रीलिपीत टाइप केली होती. युनिकोडमध्ये बदलून घेतली तर शेकडो चुका निघाल्या. पुन्हा टाइप करावी का?
— एक वाचक, नांदेड

पुन्हा टाइप करू नका. चुका शेकडो दिसल्या तरी त्यांच्या जाती आठ-दहाच असतात, आणि एकेक जात धरून त्या काढता येतात.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवले जातात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी प्रमाण अक्षरपद्धत, तिथे क्रम उच्चाराचा असतो. कन्व्हर्टर हे सगळं उलटंसुलटं करून पुन्हा लावतो, आणि जिथे जोडाक्षर लांबलचक असतं तिथे घसरतो. त्यामुळे पहिली वेलांटी आणि रफार असलेली जोडाक्षरं आधी तपासा. मजकुरात रोमन लिपीतले शब्द होते तर तेही देवनागरी समजून बदलले गेले असतील, तिथे निरर्थक अक्षरं दिसतील. अवतरणचिन्हं आणि संयोगचिन्हंही पाहा.

सगळ्यात फसवी चूक मात्र ऱ्य आणि ऱ्ह यांची. अर्ध्या, आडव्या रच्या जागी रफार येतो आणि शब्द वेगळाच होतो. ‘लग्नात आचाऱ्यांना पैसे दिले’ याचं ‘आचार्यांना पैसे दिले’ होतं. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ जाऊन तिथे ‘दर्या’ येतो. दोन्ही शब्द बरोबर असल्यानं शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं. म्हणून फाइलमध्ये ‘र्य’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाक्य वाचा. सूर्य, कार्य, धैर्य तसेच राहू द्या. वाऱ्या, साऱ्या, पायऱ्या, बिचाऱ्या दुरुस्त करा. मग ‘र्ह’ शोधा : कऱ्हाड, गाऱ्हाणं, वऱ्हाड. एकदम सगळे बदलण्याचं बटण इथे चुकूनही दाबू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून रोमन ‘J’ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त आणि य.

तिसरी जात ‘ॲ’ची. काही फाइलींत तो एकच अक्षर म्हणून असतो, काहींत ‘अ’वर चंद्र ठेवून केलेला. दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. ‘ॲम्ब्युलन्स’ शोधलीत आणि अर्ध्या जागा सापडल्या नाहीत, तर कारण हेच. सगळीकडे एकच ठेवा.

दुरुस्त फाइल मांडणीसाठी दिल्यावरही एकदा नीट बघा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडलेला नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या सरकतात. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं मराठी वळणाची हवीत. राज्य सरकारच्या २००९ च्या शासननिर्णयानं ती रूपं ठरवून दिली आहेत. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की आपली उमटतात.

शुद्धलेखनाला आधार मराठी साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांचा घ्या. चौदा १९६२ चे आणि चार १९७२ मध्ये वाढवलेले. संवादांतली बोली त्या नियमांत कोंबायची नसते, पण एका पात्राची बोली पहिल्या प्रकरणात एक आणि दहाव्यात दुसरी असंही होता कामा नये. पात्रागणिक शब्दांची यादी करून मुद्रितशोधकाला द्या : ‘व्हय’ की ‘होय’, ‘न्हाई’ की ‘नाय’. पहिलं प्रूफ कागदावर छापून दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. लेखकाचा डोळा पानावर काय छापलंय ते बघत नाही, मनात होतं ते वाचतो. दुसऱ्या प्रुफात फक्त दुरुस्त्या आणि त्यांच्या पुढच्या-मागच्या ओळी तपासा. या टप्प्यावर परिच्छेद नव्यानं लिहायला घेतलात तर ओळी सरकतात, पानं बदलतात आणि सुधारलेल्या पानांवर नव्या चुका येतात.

ई-बुक काढायचं असेल तर तेही या शेवटच्या, प्रूफ तपासलेल्या मजकुरातून काढा. जुन्या वर्ड फाइलीतून काढलेल्या ई-बुकात छापील पुस्तकात सुधारलेली प्रत्येक चूक परत येते, आणि हे फार वेळा घडतं.

एका संस्थेला पैसे भरून पुस्तक काढलं. दोन वर्षं झाली. पुस्तक कुठेच मिळत नाही, आणि दुसरीकडे काढायचं म्हटलं तर हक्क त्यांच्याकडे आहेत असं सांगतात. करारात मुदत लिहिलेली नाही.
— एक वाचक, नाशिक

करार घेऊन वकिलाकडे जा. जाण्यापूर्वी कॉपीराइट अधिनियम, १९५७ चं कलम १९ स्वतः वाचा.

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागतात. कोणत्या कृतीचे, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मोबदला किती, हे त्यात स्पष्ट हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि तुमच्या कामाचं पोटकलम असं, की ज्याला हक्क दिले त्यानं ते एक वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते संपतात. तुमच्या बाबतीत एकदा पुस्तक छापलेलं आहे, त्यामुळे वाद ‘वापरले’ या शब्दावर होईल. म्हणूनच वकील हवा. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट यांचे हक्क करारात नावानं लिहिलेले नसतील, तर ते बहुधा तुमच्याकडेच आहेत.

नव्यानं सही करणाऱ्यांसाठी : पैसे तुम्ही भरत असाल तर हक्क द्यायचं कारणच नाही. तो छपाई आणि सेवांचा व्यवहार आहे, करारात तसंच लिहून घ्या. शिवाय तीन गोष्टी मागा. मांडणीची मूळ, बदल करता येणारी फाइल, नुसती पीडीएफ नव्हे. मुखपृष्ठाची मूळ फाइल आणि त्यातल्या चित्राचा परवाना. आणि नेमक्या किती प्रती छापल्या, त्यातल्या किती तुमच्या ताब्यात येणार, त्याचा आकडा. ‘गरजेनुसार प्रती’ असं मोघम वाक्य दिसलं की तिथे थांबा.

कॉपीराइटची नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. तो लिहिताक्षणी तुमचा होतो. नोंदणीचा उपयोग वाद झाला तर पुरावा म्हणून होतो.

आयएसबीएन विकत घ्यावा लागतो का? आणि पुस्तक सरकारजमा करावं लागतं म्हणतात, ते काय?
— एक वाचक, पणजी

विकत घेऊ नका. भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी देते, ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखाली आहे, आणि तिथे तो मोफत मिळतो. लेखक म्हणून ऑनलाइन अर्ज करता येतो. छपाईच्या किमान महिनाभर आधी करा. अर्जात प्रकाशक म्हणून जे नाव लिहाल तेच शीर्षकपानामागच्या पानावर हवं. कापडी बांधणी, कागदी बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. दुसऱ्या कोणाच्या नावावरचा क्रमांक वापरलात तर जगभरच्या याद्यांत प्रकाशक म्हणून त्याचंच नाव राहतं.

छापण्यापूर्वी क्रमांक तपासा. तेरा अंकांतल्या पहिल्याला १ नं, दुसऱ्याला ३ नं, तिसऱ्याला पुन्हा १ नं, असं शेवटपर्यंत गुणून बेरीज घ्या. तिला दहानं पूर्ण भाग गेला नाही तर एखादा अंक चुकलाय.

सरकारजमा म्हणजे १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा. प्रकाशन झाल्यापासून तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चानं, एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय यांना पाठवायची. लेखक स्वतः प्रकाशक असेल तर हे काम त्याचंच. पोच जपून ठेवा. पन्नास-साठ वर्षांनी कोणाला तुमची कादंबरी अभ्यासायची असेल तर ती बहुधा याच चार ठिकाणी सापडेल, त्यामुळे यात हयगय करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुकानदार म्हणतात, पुस्तकं जाकडवर ठेवा. म्हणजे नेमकं काय? आणि ग्रंथालयांपर्यंत कसं पोचायचं?
— एक वाचक, सोलापूर

जाकड म्हणजे विकलं तर पैसे, नाही तर पुस्तक परत. दुकानदाराचा पैसा अडकत नाही, तुमचा अडकतो. तरी नव्या लेखकाला पुण्यात अप्पा बळवंत चौकात काय किंवा तुमच्या गावात काय, सुरुवात बहुधा याच वाटेनं करावी लागते. म्हणून चलन केल्याशिवाय प्रत देऊ नका. चलनावर तारीख, प्रतींची संख्या, छापील किंमत, ठरलेली सूट, हिशेबाची तारीख आणि खराब होऊन परत आलेल्या प्रतीचं काय, एवढं हवं. एका दुकानात पाचपेक्षा जास्त प्रती सुरुवातीला ठेवू नका. पाच संपल्यावर पुन्हा पाच दिल्या तर आधीच्या पाचांचे पैसे मागायला निमित्त मिळतं. तीस प्रती एकदम दिल्या की वर्षानं त्यातल्या पंचवीस पिवळ्या कडा घेऊन परत येतात. दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन प्रती मोजा.

सार्वजनिक ग्रंथालयं अनुदान मार्च अखेरीच्या आत खर्च करतात, त्यामुळे त्यांची खरेदी जानेवारीपासून जोरात असते. त्यांना व्यवस्थित बिल लागतं : शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन, किंमत, सूट. अ आणि ब वर्गाच्या ग्रंथालयांपासून सुरुवात करा, त्यांची खरेदी मोठी असते. ग्रंथपालाला फोन करण्याआधी त्याला पानभर माहिती पाठवा, मुखपृष्ठासह. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात एका टेबलावर तीन-चार लेखकांनी मिळून पुस्तकं मांडली तर भाडं वाटून जातं आणि टेबलही भरलेलं दिसतं.

मी कॅनडात राहते, मराठीत लिहिते. किंडलवर पुस्तक टाकलं, पण तेच ‘प्रतिलिपी’ या ॲपवरही क्रमशः चालू आहे. किंडलकडून इशारा आला. काय चुकलं?
— एक वाचक, टोरांटो

पुस्तक टाकताना किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेच्या चौकटीत खूण केली गेली असणार. ती केली की ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही, फुकटसुद्धा, उपलब्ध ठेवता येत नाही. नमुन्यादाखल दहा टक्क्यांपर्यंत मजकूर चालतो. छापील पुस्तकाला ही अट नाही. मुदत आपोआप पुढे वाढते, त्यामुळे बाहेर पडायचं तर ते नूतनीकरण बंद करून ९० दिवस संपण्याची वाट पाहा. तोवर दुसरीकडची प्रकरणं उतरवा.

मग सिलेक्टमध्ये राहायचं का? भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन सिलेक्टमध्ये असलेल्या पुस्तकालाच मिळतं, एरवी ३५. वर्गणीदार वाचकांनी वाचलेल्या पानांचे पैसेही तिथेच मिळतात. त्यामुळे कादंबरी पूर्ण झाली असेल तर एक-दोन मुदती तिथे ठेवून बघणं शहाणपणाचं. पण तुमचा वाचक क्रमशः वाचणारा असेल, प्रकरणाखाली अभिप्राय देणारा असेल, तर त्याला तोडून किंडलकडे जाऊ नका. मराठीत हा वाचक मोठ्या मेहनतीनं जमतो.

भारतातून हे करणाऱ्यांनी करविषयक माहिती भरताना पॅन न विसरता द्यावा. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर ३० टक्के कापला जातो, करारामुळे तो भारतीयांसाठी १५ होतो, पण पॅन दिला तरच.

नोकरी सांभाळून हे सगळं करताना पुढची कादंबरी लिहायला वेळच उरत नाही. दिवाळीत पुस्तक यावं असा प्रयत्न होता, तोही फसला.
— एक वाचक, ठाणे

दिवाळीचा मुहूर्त सोडून द्या. ऑगस्टपासून छापखाने दिवाळी अंकांत आणि मग दिनदर्शिकांत बुडालेले असतात. एकट्या लेखकाच्या पाचशे प्रती तेव्हा सगळ्यात मागे जातात. भर पावसात छापलंत तर लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठं दमट हवेत वळतात आणि गोंद नीट धरत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला फाइल द्या, डिसेंबरअखेर पुस्तक हातात घ्या आणि जानेवारीत प्रकाशित करा. साहित्य संमेलनाचा आणि ग्रंथालयांच्या खरेदीचा हंगाम तेव्हाच असतो. राज्य सरकारचे वाङ्मय पुरस्कार कॅलेंडर वर्षावर चालतात, त्यामुळे जानेवारीत आलेल्या पुस्तकाला परीक्षणं यायला, चर्चा व्हायला अख्खं वर्ष मिळतं. शीर्षकपानामागे पहिल्या आवृत्तीची तारीख स्पष्ट छापा.

तिथून उलटं मोजा. नोव्हेंबरला फाइल, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर मांडणी आणि दोन प्रुफं. जून ते ऑगस्ट संपादन. मे महिन्यात हस्तलिखित पूर्ण हवं, आणि मधले पंधरा दिवस ते न उघडता बाजूला ठेवलेलं हवं. पहिलंच पुस्तक असेल तर या टप्प्यावर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात बघा. त्या योजनेत निवड हस्तलिखितातून होते, पुस्तक छापून झाल्यावर अर्जाला अर्थ नाही.

लिहिण्याच्या वेळेबद्दल : प्रकाशकाची कामं आठवड्यातल्या एकाच दिवशी करा. शनिवारी दुपारी टपाल, हिशेब, फोन. ग्राहकानं मंगळवारी पैसे पाठवले तर प्रत शनिवारी निघेल असं आधीच कळवा, कोणी रागावत नाही. उरलेल्या दिवसांत सकाळचा एक तास धरलात आणि त्यात तीनशे शब्द झाले, तर आठवड्याचे पाच दिवस धरून साठ हजार शब्द चाळीस आठवड्यांत होतात. फेसबुकवरच्या पोस्टसुद्धा शनिवारच्या कामातच मोडतात. आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ही गल्लत पाहून : लेखक एकाच पुस्तकाच्या प्रसिद्धीत दोन वर्षं घालवतो आणि दुसरं पुस्तक सुरूच होत नाही. पहिल्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती दुसरी आल्यावरच हलतात, असा पुस्तकविक्रेत्यांचा अनुभव आहे.

एका वाचकाला पुस्तक पाठवायला कुरिअरनं किमतीच्या चौथ्या हिश्शाइतके पैसे घेतले. स्वस्त उपाय?
— एक वाचक, चंद्रपूर

टपाल खात्याची ज्ञानपोस्ट. १ मे २०२५ ला ती सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असे दर होते. माग काढता येतो, पण वाहतूक जमिनीवरून होते, तेव्हा दिवस जास्त लागतात. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं असावं लागतं. पाकिटात जाहिरातीची पत्रकं घालू नका.

इथे घरी एक छोटा वजनकाटा ठेवा. २४० पानांचं पुस्तक पावणेतीनशे ग्रॅमचं. पातळ क्राफ्ट कागदात गुंडाळून कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावल्या तर वजन तीनशेच्या आत बसतं. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि वर बुडबुड्यांचं प्लास्टिक घातलं की ते तीनशे वीसवर जातं आणि प्रत्येक प्रत वरच्या टप्प्यात मोडते. पावसाळ्यात आतल्या बाजूला साधी प्लास्टिकची पिशवी मात्र हवीच, तिचं वजन दोन-तीन ग्रॅमच असतं. पुढची कादंबरी छापताना कागद ठरवाल तेव्हा हा तीनशेचा आकडा समोर ठेवा. ८० जीएसएमचा कागद घेतलात तर हीच २४० पानं वेष्टनाशिवायच तीनशेच्या वर जातात.